बंद डब्यातली सोरट

जुलैमधली गोष्ट आहे. आठवीच्या वर्गावर माझा मराठीचा तास होता. मी फळ्यावर समासाची उदाहरणे लिहीत होते आणि पाठीमागून स्टेपलरचा आवाज येत होता. वळून पाहिले तर तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा मांडीवर दप्तर ठेवून छोटी खाकी पाकिटे बंद करत होता. प्रत्येक पाकिटात एक रबरी कीचेन. लांब कान, मोठाले डोळे, तोंडभर टोकदार दात. लाबुबू. नकलीच, मेन रोडवरून डझनाच्या भावाने आणलेली. पाकीट वीस रुपयांना. छत्तीस पाकिटांत एक सोनेरी कीचेन आहे असे त्याने वर्गात जाहीर केले होते आणि तिला नावही दिले होते : सीक्रेट. मधली सुट्टी नुकतीच संपली होती आणि तोवर त्याची चोवीस पाकिटे खपली होती.

मी उरलेली पाकिटे जप्त केली. शाळेत जुगार चालणार नाही, असे जरा मोठ्या आवाजात सुनावले. तो उभा राहिला. त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, खरेच विचारत होता. "टीचर, मॉल में बिकता तो गिफ्ट, और मैं बेचा तो जुगार?"

मला उत्तर देता आले नाही. "बैठ जाओ" म्हणाले आणि पुन्हा समासाकडे वळले. विद्यार्थ्याचा प्रश्न टाळू नये, हे बी.एड.च्या पहिल्याच महिन्यात शिकवतात. म्हणून हा लेख त्या मुलाला दिलेले उशिराचे उत्तर समजा. त्याच्या आईबापांना आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांना ते आवडेलच असे नाही.

आधी ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. लाबुबू हे पात्र कासिंग लंग या चित्रकाराचे. जन्म हाँगकाँगचा, लहानपण नेदरलँड्समध्ये गेलेले. नॉर्डिक लोककथांवरून त्याने २०१५ मध्ये 'द मॉन्स्टर्स' नावाची चित्रकथा काढली, त्यातले हे एक खोडकर पात्र. २०१९ मध्ये पॉप मार्ट या चिनी कंपनीशी करार झाला. एप्रिल २०२४ मध्ये ब्लॅकपिंक या कोरियन गायनवृंदातल्या लिसाने आपल्या पर्सला लटकवलेली लाबुबू जगाने पाहिली आणि मग ती पर्सपर्सवर दिसू लागली. आपल्याकडच्या सिनेतारकाही मागे राहिल्या नाहीत. मे २०२५ मध्ये ब्रिटनमधल्या दुकानांत गिऱ्हाइकांची हाणामारी झाली म्हणून कंपनीला तिथली दुकानातली विक्री काही काळ थांबवावी लागली. जूनमध्ये बीजिंगच्या एका लिलावात माणसाएवढी एक लाबुबू १० लाख ८० हजार युआनला गेली, म्हणजे सव्वा कोटी रुपयांहून अधिक. कंपनीची २०२४ ची वर्षभराची उलाढाल १,३०४ कोटी युआन होती. २०२५ च्या पहिल्या सहा महिन्यांतच ती १,३८८ कोटींवर गेली.

हे सगळे आमच्या मोहल्ल्यात पोहोचले ते मात्र वेगळ्याच वाटेने. व्हॉट्सअॅपवर. लाबुबू म्हणजे पझुझू नावाचा प्राचीन सैतान आहे, घरात ठेवली तर रहमतचे फरिश्ते येत नाहीत, बच्चे रात्री ओरडत उठतात, वगैरे. सोबत दगडी मूर्तीचा फोटो आणि खाली 'ज्यादा से ज्यादा शेअर करें'. माझ्या जाऊबाईंनी तो संदेश वाचून पोराची बाहुली गच्चीवर नेऊन जाळली. रबराचा धूर शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गेला, त्यावरून दोन दिवस भांडण झाले. आणि पुढच्याच रविवारी त्याच पोराने मॉलमधून 'मिस्टरी कार'चा बंद डबा आणला. त्यावर घरात कोणी चकार शब्द काढला नाही, कारण गाडीला दात नव्हते.

पझुझू हा मेसोपोटेमियातल्या लोकांच्या समजुतीतला राक्षस होता, हे खरे. पण तिथल्या बायका त्याचे डोके ताईत म्हणून वापरत, गर्भाला आणि तान्ह्या बाळाला दुसऱ्या एका राक्षसिणीपासून वाचवण्यासाठी. १९७३ च्या एका अमेरिकन भुताटकीच्या सिनेमाने त्याला जगभर बदनाम केले. लाबुबूशी त्याचे नाते दातांपुरतेच, आणि दात तर मगरीलाही असतात.

माझी तक्रार अशी आहे की आपण बाहुलीकडे बघत बसलो आणि डब्याकडे बघितलेच नाही. बाहुलीबद्दल आपल्या परंपरेत काय आहे? हजरत आयेशा बाहुल्यांशी खेळत, मैत्रिणी खेळायला येत, हे सहीह बुखारीत आहे. अबू दाऊदमध्ये त्यांच्या पंखवाल्या घोड्याची गोष्ट आहे. घोड्याला पंख कसे, असे पैगंबरांनी विचारले, तिने हजरत सुलेमानच्या घोड्यांचा दाखला दिला आणि ते मनमोकळे हसले. खेळण्यावर रागावणाऱ्यांनी ते हसू आठवावे.

आणि डब्याबद्दल काय आहे? भरपूर आहे. सहीह मुस्लिममध्ये हजरत अबू हुरैरांनी सांगितलेली हदीस आहे : खडा टाकून होणारी विक्री आणि 'गरर'ची विक्री, दोन्हींना मनाई. खड्याची विक्री म्हणजे, खडा ज्या कापडावर पडेल ते तुझे, किंमत आधीच ठरलेली. गरर म्हणजे काय मिळणार हेच घेणाऱ्याला माहीत नाही असा सौदा. पाण्यातला मासा, आकाशातला पक्षी, जनावराच्या पोटातले पिल्लू, ही फिकहच्या पुस्तकांतली नेहमीची उदाहरणे. अरबस्तानातला 'मैसिर' हा जुगार तर आणखी जवळचा. उंट कापायचा, दहा बाण पिशवीत घालायचे. सात बाणांवर वाटे, तीन कोरे. कोरा बाण आला की मटण नाही आणि उंटाचे पैसे मात्र द्यायचे. सूरह माइदामध्ये दारूच्या शेजारी ज्याचे नाव आले ते हेच. कोऱ्या बाणाऐवजी आज आपल्याला नको असलेल्या रंगाची सहावी बाहुली निघते, एवढा फरक आहे. थोडी सवलत आहे, मान्य. काहीतरी हातात पडते. पण घेणारा कशासाठी पैसे टाकतो हे त्या आठवीतल्या मुलाला कळले होते.

माझ्या गैरमुस्लिम वाचकांना वाटेल की ही बाई आता फतवा काढते आहे. नाही. मी मुफ्ती नाही, मराठीची शिक्षिका आहे. आणि यासाठी फतवा लागत नाही. मराठीत त्याला साधा शब्द आहे, सोरट. माझे लहानपण मालेगावात गेले. किराणा दुकानात पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या कागदी पुड्या असायच्या. दहा पैसे द्यायचे, पुडी फाडायची, आत नंबर. बहुतेक वेळा एक गोळी किंवा प्लास्टिकची शिट्टी. पुठ्ठ्याच्या वर मोठे बक्षीस लटकलेले असे, बंदूक किंवा घड्याळ, आणि सगळ्या पुड्या संपल्या तरी ते तिथेच लटकलेले असे. अब्बांना कळले तेव्हा त्यांनी मला मारले नाही, दुकानदाराकडे जाऊन सगळ्यांसमोर विचारले, "घड़ी का नंबर किस पुड़ी में है, दिखाओ." दुकानदाराने आठ दिवस पुठ्ठा लावला नाही. मग पुन्हा लावला. नाशिकला कालिकामातेच्या यात्रेत नवरात्रात असे रिंग टाकायचे, नंबर काढायचे ठेले आजही असतात. हवालदार आला की आवरतात, गेला की मांडतात. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून आहेच. तो यात्रेतल्या ठेल्यापर्यंत पोहोचतो आणि मॉलच्या सरकत्या जिन्यापाशी थांबतो.

हे काही चिन्यांनीच शोधून काढले, असेही नाही. खेळणे विकण्याआधी खेळण्याची भूक विकायची, ही युक्ती जुनी आहे. १९६४ मध्ये अमेरिकेत हॅसब्रो कंपनीने जी. आय. जो नावाचा सैनिक काढला. होती ती बाहुलीच, पण मुलगे बाहुली घेणार नाहीत म्हणून तिचे नाव ठेवले 'अॅक्शन फिगर'. १९७७ मध्ये 'स्टार वॉर्स' सिनेमा अनपेक्षित चालला, केनर कंपनीकडे नाताळपर्यंत खेळणी तयारच नव्हती. तर त्यांनी रिकामा पुठ्ठा विकला! आत एक चित्र आणि एक कुपन. कुपन पाठवा, बाहुल्या पुढच्या वर्षी घरी येतील. लोकांनी घेतला. पुढे १९९९ मध्ये हाँगकाँगच्या मायकेल लाऊने आपल्या बाहुल्यांचे प्रदर्शन भरवले आणि खेळणे ही मोठ्या माणसांनी कपाटात ठेवायची कलाकृती झाली. २००१ मध्ये जपानमध्ये बेअरब्रिक आले, बंद डब्यातले अस्वल, आणि कोणते अस्वल किती दुर्मीळ याचे टक्के ठरलेले. पॉप मार्टच्या वांग निंगने हे सगळे धागे घेऊन एकच दोर वळला. २०१० मध्ये बीजिंगमध्ये किरकोळ वस्तूंचे दुकान टाकलेला माणूस. बंद डब्यांच्या जोरावर २०२० मध्ये कंपनी हाँगकाँगच्या शेअर बाजारात गेली.

या दोराची वीण आता जरा सावकाश बघू, कारण आपली मुले तिच्यातच अडकतात. लाबुबूच्या एका मालिकेत साधारणपणे सहा रंग आणि एक सीक्रेट. सीक्रेट निघण्याची शक्यता ७२ मध्ये १. चीनमध्ये अशा एका डब्याची किंमत ९९ युआन, म्हणजे बाराशे रुपयांच्या आसपास. आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांना मी विचारले, म्हटले सोप्या भाषेत सांगा. त्यांनी उपस्थितीपत्रकाच्या मागे आकडेमोड केली. सुटे डबे एकेक करून घेतले आणि प्रत्येक रंगाला सारखीच संधी धरली, तर सहाही रंग जमायला सरासरी पंधराच्या आसपास डबे लागतात. सहा नाही, पंधरा. म्हणजे नऊ बाहुल्या दुबार. आणि सीक्रेट? ७२ डबे घेतले की एक नक्की, असे मुलांना वाटते. मलाही वाटले होते. सर म्हणाले, ७२ डबे फोडूनही ती न मिळण्याची शक्यता शेकडा ३६ पेक्षा जास्त आहे. तीन माणसांतला एक जण सुमारे ८५ हजार रुपयांचे डबे फोडून हात हलवत घरी जाणार.

कंपनी हे प्रमाण छापते, लपवत नाही. हेही सांगितले पाहिजे. पण बारा वर्षांच्या मुलीला '१:७२' वाचून काय कळते? तिला डबा फोडतानाचे व्हिडिओ कळतात. त्या व्हिडिओत गुलाबी निघाली की किंचाळतात, तपकिरी निघाली की तोंड वाकडे करतात. कोणता रंग मिळाल्यावर खूश व्हायचे, हे आधी शिकवले जाते. मग मालिका बंद होते, नवी येते, जुनीचा भाव चढतो, आणि चढलेल्या भावाची बातमी हीच पुढच्या मालिकेची जाहिरात. 'लिमिटेड' हा शब्द मी मुलांना शिकवताना 'मर्यादित' असा शिकवते. ही मर्यादा कुणी घातली, हा प्रश्न मी कधी विचारला नव्हता. कारखाना आहे, रबर आहे, कामगार आहेत, मागणी आहे. तरी माल कमी, कारण कमी ठेवला आहे.

संग्रह करण्याला माझा विरोध नाही, उलट मला संग्राहक माणसे आवडतात. अब्बा टपालाची तिकिटे जमवायचे. १९२० च्या दशकापासून देशाची तिकिटे आमच्या नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जातात, त्यामुळे ते तिकिटांना 'अपने गाँव की' म्हणायचे. पोस्टाच्या खिडकीवर ते बघून, निवडून, दोन रुपयांचे तिकीट दोन रुपयांना घेत. आपल्याकडे अंजनेरीला १९८० पासून नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिच्या संग्रहालयात मी दोनदा मुलांना नेले आहे. तिथले एखादे नाणे दुर्मीळ आहे, कारण मधल्या शतकांत त्याची भावंडे वितळली, जमिनीत गेली, हरवली. काळाने ती टंचाई केली. बाहुलीची टंचाई वातानुकूलित खोलीतल्या बैठकीत ठरते. त्या दोन्हींना एकच शब्द वापरून 'कलेक्शन' म्हणायचे, याला माझा विरोध आहे. आणि कोणी चाळीस वर्षांचा कमावता माणूस आपल्या पैशाने बेअरब्रिक घेत असेल तर घेवो. पारखून घेतो, बघून घेतो, त्याचा तो मुखत्यार. मी बोलते आहे ती ईदीच्या पैशांबद्दल.

हो, आमच्याही घरी झाले. सातवीतल्या माझ्या मुलीला यंदा बकरी ईदला सगळ्यांकडून मिळून दोन हजार तीनशे रुपये ईदी मिळाली. तिने मावशीच्या फोनवरून कुठल्याशा ऑनलाइन विक्रेत्याकडून अठराशेला 'ओरिजनल' डबा मागवला. मला सांगितले नाही. डबा आला, फोडला, आत तपकिरी. चेहरा असा उतरला की मला आधी वाटले कुणी वारले. नंतर तिच्याच मैत्रिणीने दात मोजून दाखवले : असली लाबुबूला नऊ असतात, हिला अकरा. नकलीला जगभर 'लाफुफू' म्हणतात, तेही तेव्हाच कळले. बाहुली नकली निघाल्याचे तिला फारसे दुःख नव्हते. गुलाबी न निघाल्याचे होते. त्या दिवशी मी घाबरले. म्हणजे खोट्या मालाने पूर्ण फसवूनही खेळ तसाच चालू राहतो. असली माल श्रीमंतांच्या पर्सला लटकतो, आणि त्याची भूक मात्र जुन्या नाशकात, वडाळ्यात, मालेगावात वीस रुपयांच्या पाकिटातून घरोघर पोहोचते.

मग करायचे काय? चीनने, ज्या देशाचा हा माल त्याच देशाने, २०२३ मध्ये नियम केले : आठ वर्षांखालच्या मुलांना बंद डबे विकायचे नाहीत, निघण्याचे प्रमाण जाहीर करायचे. २०२५ च्या जूनमध्ये तिथल्या सरकारी पक्षाच्या मुखपत्राने आणखी कडक नियम मागितले. बेल्जियमने २०१८ मध्ये व्हिडिओ गेममधल्या अशाच बंद पेट्यांना जुगार ठरवले. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, चांगलेच केले. २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे, म्हणजे रंगात शिसे किती हे सरकार बघते. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा वस्तूचा दर्जा, प्रमाण आणि किंमत कळण्याचा हक्क ग्राहकाला देतो. डब्यात काय आहे हे कळण्याचा हक्क यात बसतो की नाही, हे एखाद्या वकील वाचकाने मला सांगावे. मला तरी बसतो असे वाटते. निदान पंधरा-सोळा वर्षांखालच्या मुलाला बंद डबा विकू नये, आणि विकायचाच तर प्रमाण मराठीत, हिंदीत, ठळक अक्षरांत छापावे, एवढी मागणी मोठी नाही.

जुम्याच्या खुतब्यात पझुझूवर बोलणाऱ्या मौलाना साहेबांनाही अदबीने एक विनंती. गररचा बाब आपल्याला माझ्यापेक्षा शंभर पटीने चांगला ठाऊक आहे. तो सांगा. शहरातल्या ज्या दुकानांत हे डबे लटकतात त्यांत आपल्या लोकांचीही दुकाने आहेत, हे लक्षात ठेवून सांगा. सैतानाच्या गोष्टीने दुकानदाराचे काही बिघडत नाही, उलट गिऱ्हाईक वाढते.

आणि आम्ही शिक्षकही धुतल्या तांदळासारखे नाही. मागच्या वर्षी आमच्या स्नेहसंमेलनाला निधी कमी पडला तेव्हा लकी ड्रॉची कुपने कोणी खपवली? मुलांनीच. वीस रुपयांना एक. पहिले बक्षीस सायकल. मी स्वतः माझ्या वर्गाला सांगितले होते की जो सर्वांत जास्त कुपने खपवेल त्याला पेन देईन. त्या मुलाने पाकिटाची किंमतही वीसच का ठेवली, हे मला फार उशिरा सुचले.

दुसऱ्या दिवशी मी त्याला स्टाफरूममध्ये बोलावले. म्हटले, तू बरोबर होतास. मॉलमध्ये विकतात ते आणि तू विकलेस ते एकच. मी तुला एकट्याला ओरडले, ती माझी चूक. तो खाली बघून हसला. मग आम्ही दोघांनी मिळून जप्त केलेली बारा पाकिटे फोडली, मुलांना उघडा माल दाखवून परत विकायचा असेल तर विक, असे माझे म्हणणे होते. बाराही साध्या निघाल्या. वर्गात आदल्या दिवशी कुणालाच सोनेरी निघाली नव्हती, हे मी विचारून ठेवले होते.

"सीक्रेट किधर है?"

त्याने कंपासपेटी उघडली. कर्कटकाच्या शेजारी सोनेरी कीचेन ठेवली होती. "टीचर, वो डालता तो पहलेच दिन निकल जाती. फिर बाकी के पाकिट कौन लेता?"

चोवीस जणांचे पैसे परत करायला त्याला आठवडा लागला. काही पैसे त्याने समोसे खाऊन संपवले होते, ते मी घातले. तेवीस जणांनी घेतले. एका मुलीने वीस रुपये परत घ्यायला नकार दिला. ती म्हणते, मला पैसे नकोत, तेवढ्यात सोनेरी द्या. तिची समजूत मी अजून काढते आहे.